फ्लॅटमध्ये ससा ठेवायचाय? आधी जमिनीपासून दोन फूट घर आवरा

ससा कुरतडणार म्हणजे कुरतडणारच, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. ओरडून, टपली मारून, लाडीगोडी लावून काही होत नाही, आणि तो थांबायलाही नको खरंतर, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, म्हणजे झिजले नाहीत तर थोड्या महिन्यांत तोंडच मिटणार नाही बिचाऱ्याचं. त्यामुळे सशाला वळण लावायच्या नादी लागू नका, घराला लावा. मागच्या पायांवर उभा राहिला की मोठा ससा दोन फुटांपर्यंत सहज पोचतो, तेव्हा जमिनीपासून तेवढं घर त्याचं, त्याच्यावरचं तुमचं, असा हिशोब ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवात कुठून करायची, तर ज्या खोलीत ससा फिरणार तिथं चक्क जमिनीवर पालथं पडा आणि बघा. लोक हसतील घरातले, हसू द्या. उभं राहून जे दिसत नाही ते सगळं तिथून दिसतं, टीव्हीमागचा वायरींचा गुंता, सोफ्याखालचं फाटकं अस्तर, कपाटामागची बोटभर फट, दाराच्या चौकटीचा खालचा टवका. आणि बघताना एकच प्रश्न विचारायचा, दात लागायला कड कुठंय? सशाला सपाट भिंत किंवा सपाट फरशी कुरतडता येत नाही, त्याला कड, कोपरा, टोक नाहीतर लोंबती वस्तू लागते. हे एकदा कळलं की अख्खं घर झाकायची गरज राहत नाही, नुसत्या कडा झाकायच्या.

आता वायरी. सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवा, कारण फर्निचर गेलं तर पैसे जातात, वायर चावली तर ससा जातो. पाळीव ससे मूळचे युरोपातल्या, स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशांपासून आलेत आणि ते जमिनीत बिळं करून राहणारे, तिथं वाटेत आडवं आलेलं मूळ दिसलं की कापून वाट मोकळी करायची ही त्यांची सवय, आणि आपल्या घरातली चार्जरची वायर त्याला मुळासारखीच दिसते. (आपल्या माळावर पळतो तो ससा वेगळा, तो बिळंबिळं करत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, कुणी शेतातलं पिल्लू आणून दिलं तर घरी ठेवू नका.) आणि कापतो किती सफाईनं! आमच्या भुऱ्यानं लॅपटॉपचा चार्जर तोडला तेव्हा आवाज नाही काही नाही, तिरका एकच काप, कात्रीनं करावा तसा, आतल्या तांब्याच्या तारासुद्धा एका रेषेत. अर्धा मिनिट पण लागत नाही त्याला. म्हणून "मी समोर बसलेय ना, बघते" ह्यावर विसंबू नका.

उपाय तीन, आणि ह्याच क्रमानं करायचे. पहिला म्हणजे वायर वर उचलणे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळत असेल तर टेबलाच्या मागच्या बाजूला स्क्रूनं वर ठोका, राउटर शेल्फवर, चार्जर वापरून झाला की काढून ड्रॉवरमध्ये. दुसरा, जी वायर खालीच राहणार (फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन) ती भिंतीला चिकटवून केसिंग पट्टीत घाला. इलेक्ट्रिकलच्या दुकानात केसिंग-कॅपिंग म्हणून मागा, पीव्हीसीची ती पांढरी चौकोनी पट्टी, झाकण दाबून बसतं. ती पण प्लास्टिकचीच, मग ससा ती का नाही चावत? तर भिंतीला घट्ट बसली की तिला कड उरत नाही, दात घसरतात. मात्र दोन पट्ट्या जिथं जुळतात आणि जिथं पट्टी संपते ती टोकं उघडी राहतात, तिथं कोपऱ्याचे तुकडे मिळतात ते बसवून घ्या, आळस करू नका. तिसरा उपाय म्हणजे फ्लेक्सिबल पाईप, तो पन्हळी असतो तो, उभा चिरून आत वायर घालायची. बागेच्या पाण्याचा जुना जाड पाईप चिरूनसुद्धा चालतो. ऑनलाइन मिळणारी ती मऊ स्पायरल गुंडाळी घेऊ नका, ससा ती खेळणं समजून उलगडत बसतो.

ह्या सगळ्याच्या जोडीला एक गोष्ट नक्की करा, मेन बोर्डमध्ये आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये नुसते एमसीबी असतात, आणि एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो, कुणाला शॉक बसला म्हणून पडत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर करंट अंगातून जमिनीकडे जायला लागल्या लागल्या तो लाइन तोडतो. सशासाठी बसवा, उपयोग लहान पोरांना पण होईल. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते अधूनमधून दाबून बघायचं. आणि तरीही कधी ससा वायर तोंडात धरून दिसला तर धावत जाऊन त्याला उचलू नका, आधी स्विच किंवा मेन बंद, मग ससा. इन्व्हर्टर असेल तर लक्षात ठेवा की लाइट गेली तरी घरातल्या पॉइंटमध्ये 230 व्होल्ट असतातच. शॉक बसल्यावर ससा ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचा, तोंडातलं भाजलेलं बाहेरून दिसत नाही आणि फुप्फुसात पाणी काही तासांनी होऊ शकतं.

किचनचं वेगळं सांगते कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे सिलेंडर ओट्याखाली असतो आणि त्याची रबरी नळी बरोबर सशाच्या तोंडाच्या उंचीला. ती नारिंगी सुरक्षा नळी आतून स्टीलच्या तारेची असते हे खरं, पण वरचं रबर सोललं तरी नळी बाद झाली समजा. वॉशिंग मशीनचा ड्रेन पाईप पण सशांना भयंकर आवडतो, का ते माहीत नाही, आणि मग अख्ख्या पॅसेजमध्ये साबणाचं पाणी. किचनला दार नसेल (हल्ली ओपन किचनची फॅशन) तर अडीच-तीन फुटी जाळी आडवी लावा. किचनमध्ये ससा नको, विषय संपला.

फर्निचर. इथं परत तेच, कडा. दाराची चौकट, कपाटाचा खालचा कोपरा, टीपॉयचे पाय, पलंगाची खालची पट्टी. दाराच्या चौकटीला आणि प्लायच्या कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचा अँगल लावा, ती एल आकाराची पट्टी, स्लायडिंग खिडकीवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, दोन फूट उंचीचे कापून दोन्ही बाजूच्या टेपनं चिकटवले की झालं, भाड्याचं घर असेल तर सोडताना काढता पण येतात. सनमायका लावलेल्या प्लायचं नुसतं दिसण्याचं नुकसान नाही, आतला गोंद सशाच्या पोटात जातो. जुन्या बिल्डिंगीत किंवा वाड्यात राहत असाल तर दारा-खिडक्यांच्या ऑइल पेंटची खास काळजी घ्या, घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याच्या आधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही आणि जुन्या दारावर असे पाच-सहा थर चढलेले असतात.

सोफा म्हणजे गंमतच. वरून काही करत नाही, खाली जातो, आणि खालचं ते काळं पातळ कापड असतं ना ते फाडून आत शिरतो, मग स्पंज. स्पंज पोटात गेला तर अडकतो, आणि सशाला उलटी करता येत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. सोफ्याच्या खालच्या बाजूला प्लायची पातळ शीट ठोकून टाका किंवा चारी बाजूनं फळ्या लावून खाली जायची वाटच बंद करा. स्टोरेजवाला दिवाण बरा पडतो खालून बंद असल्यामुळे, फक्त झाकण उघडं टाकून गेलात तर ससा आत गेलेला असतो, बंद करण्याआधी बघत जा. वेताच्या खुर्च्या असतील तर त्या नातेवाइकांकडे पाठवा, खरंच सांगते.

कडू स्प्रे, मिरची पूड, बाम वगैरे लावायचे सल्ले मिळतील. स्प्रेनं काही ससे थांबतात, काहींना तो मसाला वाटतो. मिरची नाकाडोळ्यांत जाते, उगाच छळ. आणि डांबरगोळ्या कोपऱ्यात ठेवा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, त्या विषारी आहेत.

आता त्याला राहायला काय द्यायचं. दुकानात पिंजरा दाखवतील, गोड गुलाबी, खाली जाळी, "घाण खाली पडते मॅडम, साफ करायला सोपं". घेऊ नका. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, जाळीवर उभा राहून तळवे सोलवटतात, त्याच्या जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. त्यापेक्षा कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं ते लोखंडी पॅनलचं प्लेपेन घ्या, अडीच-तीन फूट उंच, आणि हॉलच्या एका कोपऱ्यात जेवढं मोठं लावता येईल तेवढं लावा. परदेशातल्या सशांच्या संस्था 10 बाय 6 फूट जागा सांगतात, आपल्या वन बीएचकेत कुठून आणायची, म्हणून रात्री आणि तुम्ही ऑफिसात असताना प्लेपेन, बाकी सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तास खोलीत मोकळा. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त उड्या मारतात, दुपारी झोपतात, तेव्हा तुमची नोकरी त्याला फार अडत नाही. अर्थात पहाटे पाचला जाळी हलवून खडखडाट करणार, त्याची तयारी ठेवा.

खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर पाय घसरतात, सशाचा कणा नाजूक, घसरून उडी मारली तर मोडू शकतो. घट्ट विणीची सतरंजी घाला, कडा जड वस्तूखाली दाबून (कड! परत), आणि धागे निघायला लागले की बदला. पोरांच्या त्या फोमच्या रंगीत मॅट नकोत, तुकडे गिळतो.

शी-शूसाठी ससा स्वतःच एक कोपरा ठरवतो, तुम्ही फक्त तो ओळखून तिथं पसरट टब ठेवायचा. भांड्याच्या दुकानातला चौकोनी प्लास्टिकचा टब चालतो, खाली रद्दी पेपरचे थर, वर सुकं गवत, आणि गवताचा मोठा भारा टबाच्याच एका टोकाला ठेवायचा, कारण ससा खातखातच लेंड्या टाकतो. मांजराची ती मातीची वाळू वापरू नका, पोटात जाऊन घट्ट होते. लघवी कधी नारिंगी-लालसर दिसते, पाल्यातल्या रंगामुळे होतं ते, दरवेळी रक्त नसतं. फरशीवर पांढरा खडूसारखा डाग राहतो तो कॅल्शियमचा, टाइलवर व्हिनेगरनं जातो, पण घरात मार्बल, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर लावू नका, दगड खाल्ला जातो. आणि नसबंदी करून घ्या राव, नर असो की मादी. टबात जायची सवय पटकन लागते, कुरतडणं-उकरणं बरंच कमी होतं, आणि मादीला वयानुसार गर्भाशयाच्या कॅन्सरचा मोठा धोका असतो तो टळतो.

आता ह्या सगळ्याची दुसरी बाजू, जी न करता नुसतं झाकत बसलात तर तुम्ही हरणार: त्याला चावायला द्या. भरपूर. मुख्य म्हणजे गवत, त्याच्या जेवणात 80 टक्क्यांच्या वर गवतच पाहिजे. लाकूड चावून पुढचे दात झिजतात, पण मागच्या दाढा पण वाढतातच, त्या झिजतात फक्त गवत रवंथल्यासारखं आडवं चघळून. टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, महाग आहे. आपल्याकडची हरळी, म्हणजे दूर्वाच, ती उत्तम, ताजी पण आणि सुकवलेली पण, गणपतीत तर जुड्याच जुड्या. फक्त फवारणी केलेली किंवा रस्त्याकडेची नको, नीट धुऊन द्या. गोठ्याजवळ मिळतो तो लसूणघास पिल्लाला ठीक, सहा महिन्यांवरच्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त. पोळी, बिस्कीट, भात, काही नाही. गाजर पण चव म्हणून, एवढासा तुकडा.

कुरतडायला मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे बुरुडाकडची बांबूची टोपली. सूप, रोवळी, परडी काहीही, रंग न लावलेली. पुण्यात बुरुड आळीत मिळते, तुमच्या गावात आठवडी बाजारात असेलच. तिच्यात गवत भरून द्यायचं. आधी गवत खातो, मग टोपलीची वरची कड एकेक पट्टी सोडवत खाली येतो, मध्येच उचलून फेकतो, मग खाली डोकं घालून ढकलत नेतो, एका टोपलीत त्याचं चावणं, फेकणं, उकरणं सगळं भागतं. तार बांधलेली असेल तर काढून टाका. शिंदीची केरसुणी पण फार आवडते, पण घरात आजी असेल तर लक्ष्मी सशापुढे टाकली म्हणून दोन दिवस ऐकून घ्यावं लागेल. पेरूच्या आणि तुतीच्या फांद्या पाल्यासकट द्या, साल सोलून खातो. पीच, प्लम, जर्दाळूच्या ओल्या फांद्या नकोत. आणि ऑनलाइन शॉपिंगचे खोके, टेप, स्टेपलर पिना आणि चकचकीत लेबल काढून. दोन भोकं पाडली की घर, आत कागदाच्या पट्ट्या टाकल्या की उकरायची जागा. जो ससा खोका उकरतो तो गादी उकरत नाही, निदान रोज तरी नाही.

त्याच्या वस्तू जिथं तो आधीच चावतोय तिथंच ठेवा. म्हणजे सोफ्याचा पाय धरत असेल तर टोपली सोफ्याच्या पायाशीच. लांब ठेवली तर तो तिथपर्यंत जायची तसदी घेत नाही. पाय चावताना दिसला की एकदा टाळी वाजवा, "नाही" म्हणा आणि टोपली पुढे सरकवा. हात उगारू नका, ससा घाबरला की लपतो आणि परत जवळ येत नाही. चार ते सहा महिन्यांचं वय सगळ्यात वांड, तेव्हा कंटाळून कुणाला देऊन टाकू नका, ससा आठ-दहा वर्षं जगतो आणि नंतर शांत होतो.

कुंड्या उंच. मनीप्लांट, डिफेनबाकिया, कण्हेर, सदाफुली, अडेनियम हे सगळं विषारी. तुळस आणि जास्वंद खाल्ली तर हरकत नाही, कुंडीच उरणार नाही एवढंच. झुरळांचं जेल, खडू, उंदराचं औषध जमिनीलगत नको, पेस्ट कंट्रोलवाला आला तर त्याला आधीच सांगा. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध सशाला लावू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला मारतं.

बाल्कनीत ससा ठेवू नका असं माझं मत. घार असते, मांजर येते, पिल्लू तर ग्रिलमधून आरपार जातं, आणि उन्हाळा. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर टाकतो, 28-30 डिग्रीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू. नागपूर-जळगावकडे कूलर लागणारच, पण कूलरची वायर आणि पाईप दोन्ही आधी झाका. सोपा उपाय म्हणजे कुंभाराकडची मोठी मातीची कुंडी आडवी टाकायची, पाण्यानं भिजवून, ससा आत जाऊन पसरतो. शेजारी शहाबादीचा एक तुकडा, आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून (नुसती ठेवली तर बाटलीचं झाकण खाईल). पावसाळ्यात उलटी काळजी, गवताला बुरशी येते, मुंबई-कोकणात तर दोन दिवसांत. कापडी पिशवीत टांगून ठेवा, कुबट वास आला की अख्खं फेका.

दिवाळीत फटाक्यांनी घाबरून ससा खाणं सोडतो, तेव्हा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा चालू. आणि फक्त दिवाळीत नाही, कधीही दहा-बारा तास त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत किंवा अगदी बारीक पडल्या, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याचं आतडं थांबलेलं असू शकतं. पण रात्री अकराला ससे बघणारा डॉक्टर शोधायला निघालात तर मिळणार नाही, कारण बरेच दवाखाने कुत्री-मांजरंच बघतात, आणि तोंडातून दिलेलं अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध सशाच्या जिवावर बेततं हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. म्हणून ससा आणायच्या आधीच चार फोन करा, "एक्झॉटिक (म्हणजे कुत्र्या-मांजरांखेरीजचे पाळीव प्राणी) बघता का, सशाची नसबंदी केलीय का" असं सरळ विचारा, आणि जो हो म्हणेल त्याचा नंबर आणि रात्रीच्या इमर्जन्सीचा नंबर फ्रीजवर चिकटवा. वरच्या दारावर, खालच्या नको.